कामावरून कमी करताना



धंदा मंदावला की मालकाला कधी एखादा कामगार कमी करावा लागतो. हा निर्णय पाप नव्हे. पण माणूस केवळ साधन नाही, असे तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ मध्ये मांडले, ते येथे आठवावे. ही बातमी दुसऱ्याकरवी धाडू नये. एकांतात समोर बसवून खरे कारण सांगावे. आपले मन हलके व्हावे म्हणून नसलेली चूक त्याच्या माथी मारू नये. दहा वा अधिक कामगारांच्या दुकानात पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, मालकाचे उपकार नव्हेत. पुढच्या रविवारी दोघे याच चर्चमध्ये भेटतील. तेव्हा मालकाला त्याच्या नजरेला नजर देता आली पाहिजे.