साशंक श्रोता आणि जॅझचा षड्ज

एखादी कला रुचत नाही असे जाणवल्यावर ती रुचवून घेण्याचा प्रयत्न करणे हा प्रामाणिकपणा की दंभ? रा. भा. पाटणकरांच्या 'कांटची सौंदर्यमीमांसा' या ग्रंथाच्या वाचकांना या प्रश्नाची एक बाजू परिचित आहे. रुचिविधान दुसऱ्याच्या साक्षीवर उभे राहू शकत नाही; शंभर जाणकारांनी वाखाणलेली कृती ज्याला स्वतःला सुंदर वाटत नाही, त्याने तिला सुंदर म्हणणे हे उसनवारीचे विधान ठरते. दुसरी बाजू अभिनवगुप्ताची. त्याच्या मते सहृदयता ही अनुशीलनाने घडत जाणारी गोष्ट आहे, आणि रसास्वादाच्या सात विघ्नांपैकी पहिलेच विघ्न आहे संभावनाविरह : समोर चालले आहे ते शक्य कोटीतले आहे, असे मुळी वाटतच नाही. जॅझ ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याची अडचण नेमकी या दोन भूमिकांच्या मध्ये पडते.

नाशिकच्या श्रोत्याचे उदाहरण घ्यावे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी उत्तरायुष्यात पंचवटीत आश्रम स्थापिला त्या या गावी संगीताला भजनाचे आणि शिस्तीचे पावित्र्य लाभलेले. जॅझ मात्र मुंबईत अवतरले ते ताजमहाल हॉटेलच्या नृत्यकक्षात. 1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद तेथे वाजवू लागला. नाशिक-मुंबई अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पण पंचवटी आणि ताज यांच्यातील अंतर मैलांत मोजण्याचे नव्हते. म्हणून 'हा श्रीमंतांचा नाचगाण्याचा गोंगाट' ही शंका निव्वळ अज्ञानातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या दाराने ते संगीत आले, त्या दारावर ती शंका होती.

मजेची गोष्ट अशी की, हा श्रोता जॅझ नावानिशी नाकारत असतानाच ते बिननावाने ऐकत होता. गोदावरीच्याच काठच्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'साठी (1951) चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाला व त्याच्या वाद्यवृंदाला सोबत घेतले. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड अशा गोमंतकीयांनी चित्रपटाच्या वाद्यमेळाची घडण केली. रसिकांच्या ओठी मात्र गायक आणि संगीतकार यांचीच नावे राहिली. तेव्हा कानांना हा नाद परका नव्हता असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या बांधीव गाण्यात जॅझचा रंग उतरला, पण त्याचा प्राण असलेला आयत्या वेळचा विस्तार बाहेरच राहिला. आणि ख्यालावर पोसलेल्या श्रोत्याची खरी शंका त्या विस्ताराविषयीच आहे. रागाचे बंधन नसताना हे वादक नेमके कशाशी इमान राखतात?

या शंकेला सर्वांत चांगले उत्तर एखाद्या ध्वनिमुद्रणातच सापडते. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (1959) मधील 'सो व्हॉट' ही रचना बत्तीस मात्राखंडांच्या आवर्तनाची आहे. पहिल्या सोळा खंडांतील स्वर म्हणजे काफी थाटाचेच स्वर : गांधार-निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. मुखडा, मग एकेका वादकाची आवर्तने, शेवटी पुन्हा मुखडा. येथवर श्रोता सुखावतो. पण सतराव्या खंडाला संपूर्ण सप्तकच अर्ध्या स्वराने वर सरकते, आठ खंड तेथे राहते आणि परत येते. हिला मूर्च्छना म्हणण्याचा मोह टाळावा. मूर्च्छनेत स्वर तेच राहून आधार बदलतो. येथे तीच स्वररचना उचलून दुसऱ्या षड्जावर ठेवली जाते. तंबोऱ्याच्या छायेत वाढलेल्या कानाला अचल षड्ज हा बहुतेक नैतिक आधारच असतो. तोच हलला की संभावनाविरह सुरू होतो, आणि जॅझचे ऐकणेही खरे तर तेथेच सुरू होते. वादकाचे इमान एका स्वरस्थानाशी नसून परतीच्या ठरलेल्या क्षणाशी आहे, हे दोन-चार आवर्तनांत ध्यानी येते. आपल्याकडच्या समेची ओढ येथे उपयोगी पडते, मात्र सम येथे आघाताने ठणकावून सांगितली जात नाही. ती मोजत राहावी लागते.

काफी ओळखल्यामुळे झालेला आनंद हा जॅझचा की काफीचा, असा आक्षेप रास्त आहे. जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या 'इंडो-जॅझ सूट'सारख्या (1966) प्रयोगांनी भारतीय श्रोत्याने सुरुवात करावी हा सल्ला याच कारणाने फसवा वाटतो. तेथे तो आपलेच घर शोधू लागतो आणि सतारीचे सूर नीट लागले का, हे तपासत बसतो. 'सो व्हॉट'मध्ये ओळखीची खूण सोळा खंडांपुरती मिळते व लगेच काढून घेतली जाते.

ॲडॉर्नोने 1936 मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या जॅझवरील निबंधात या संगीतातील स्वातंत्र्य हा आभास मानला होता. ती शंका सिद्धान्ताची होती, म्हणून कोणत्याही एका वादनाने ती डळमळण्याजोगी नव्हती. नाशिकच्या श्रोत्याची शंका कानाची आहे, आणि कान पुन्हा ऐकू शकतो. 'काइंड ऑफ ब्लू' पचल्यावरही त्याच जॉन कोल्ट्रेनचे 1965 चे 'असेन्शन' त्याला असह्य वाटेल, कदाचित कायमचे. पण आता तो 'हे संगीतच नव्हे' असे न म्हणता, परतीचा क्षण कोठे हरवला, हे विचारील.