चढे आयडलिंग आणि कारणाचा प्रश्न
कार्याच्या आधी नियमाने असते ते कारण, अशी व्याख्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात आहे. इंजिन तापल्यावरही जुन्या कार्बोरेटरवाल्या मारुती 800चे आयडलिंग चढेच राहते, तेव्हा ही व्याख्या कसाला लागते. कारणे अनेक असू शकतात: अडकलेला चोक, ताणलेली अ‍ॅक्सिलरेटर केबल, चिरलेला व्हॅक्यूम पाइप. कार्य एकच, म्हणून नुसत्या कार्यावरून नेमके कारण ठरत नाही. नायगावसारख्या तालुक्याच्या गावी मिस्त्री संशयित पाइप चिमटीत दाबतो. आरपीएम उतरतात, सोडला की चढतात. हाच नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक: कारण असले की कार्य असते, नसले की नसते. आयडल स्क्रू फिरवूनही आरपीएम उतरतात (घाईच्या गिऱ्हाइकाला तेवढेच पुरते), पण तो स्क्रू इंजिन नीट चालत असतानाही तिथेच, तसाच होता; म्हणून तो कारण नव्हे. पाइप बदलल्यावर फिरवलेला स्क्रू परत जागेवर आणावा लागतो. नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते.