तेल आणि गंज

चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावरून कराडच्या दिशेनं निघालं की पुढं कुंभार्ली घाट लागतो. त्या रस्त्यावर अण्णा मिस्त्रींचं गॅरेज होतं. ब्रेकचं काम अण्णांच्याच हातचं हवं, असं घाटातले ड्रायव्हर मानत. चाळीस वर्षं अण्णांनी बोटांच्या अंदाजावर काम केलं होतं आणि त्या बोटांवर सगळ्यांचा विश्वास होता.

त्यांच्याकडे नुकताच एक पोरगा कामाला लागला होता. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स चांगल्या मार्कांनी पास झालेला. सगळे त्याला बाबू म्हणत.

गणपतीच्या आधीचा आठवडा होता. घाटात रोज भाडं मारणारी एक गाडी स्टँडवर चढवलेली होती. तिच्या पुढच्या दोन्ही डिस्क झिजून, कडेवर कोरलेल्या किमान जाडीच्याही खाली गेल्या होत्या. बाहेर आणखी तीन गाड्या खोळंबल्या होत्या. बाबूनं नव्या डिस्कचं खोकं फोडलं आणि डिस्क उचलून तशीच हबवर चढवायला घेतली.

“थांब. धुतलीस का?”

“अण्णा, नवी कोरी आहे. सीलबंद खोक्यातली.”

अण्णांनी पांढरी चिंधी डिस्कवरून फिरवली आणि त्याच्यापुढं धरली. चिंधीवर पिवळट, चिकट डाग उमटला होता.

“हे तेल कारखान्यातच लावतात. डिस्क बिडाची. आपल्या पावसाळी हवेत बिडाला गंज चढायला एक रात्र पुरते. गोदामात होती तोवर या तेलानंच तिला राखलं. पण चाकात बसली की हेच तेल पॅडमध्ये मुरणार. एकदा मुरलं की निघत नाही, नवा पॅड फेकून द्यावा लागतो. आणि ब्रेक धरत नाही हे कळेल तेव्हा गाडी घाटाच्या वळणावर असेल.”

बाबू रॉकेलच्या डब्याकडं वळला.

“रॉकेल नको. ते स्वतःच मागं चिकटा ठेवतं.”

मग अण्णांनी त्याच्याकडून सगळं करून घेतलं. दोन्ही बाजूंना ब्रेक क्लीनरचा फवारा. मग कोमट साबणपाणी आणि ब्रश, मधल्या खाचांमधूनसुद्धा. लगेच कोरडं पुसायचं आणि पुन्हा पांढरी चिंधी फिरवायची. ती पांढरीच राहिली तेव्हा कुठं अण्णांनी मान हलवली.

“आता कडेलाच धर, घासायच्या जागी बोटं नकोत. आणि ऐक बाबू, तूही असाच खोक्यातून आलायस. मार्कांच्या तेलानं तुला तिथं राखलं. इथं आधी ते धुवावं लागेल.”

बाबूनं मान खाली घातली. त्याला ते लागलं, आणि पटलंही.

अण्णांनी हबवरून चिंधीचा एक हात मारला. “हं, चढव आता.”

बाबू घुटमळला. “अण्णा, रागावणार नसाल तर एकदा डायल गेज लावून बघू?”

“चाळीस वर्षांत मला गेज लागलं नाही.” अण्णा बोलून गेले खरे, पण मघाशी पोराला सांगितलेले शब्द अजून त्यांच्याच कानात होते. “बरं, लाव.”

बाबूनं नटांनी डिस्क घट्ट धरली, कडेजवळ गेजचं टोक टेकवलं आणि हातानं सावकाश एक फेरा दिला. काटा ०.१२ मिलिमीटर हलला.

“०.०५ च्या आत हवा होता, अण्णा.”

“डिस्कच वाकडी. माल हलका आलाय.”

बाबूनं डिस्क उतरवली आणि बॅटरी हबवर धरली. एका स्टडच्या बुडाशी नखाएवढी गंजाची खपली होती.

“डिस्क सरळ आहे. बसायची जागा सरळ नाही. हबवरचा एवढासा थर डिस्कच्या कडेला जवळजवळ दुप्पट होतो.”

“त्यानं होतं काय?” चाळीस वर्षांत हा प्रश्न अण्णांनी पहिल्यांदाच विचारला.

“आज काहीच नाही. ब्रेक झकास लागेल. पण दर फेऱ्याला डिस्कची तीच जागा पॅडला घासत राहणार आणि तिथंच ती पातळ होणार. काही हजार किलोमीटर गेले की ब्रेक दाबताना पेडल थरथरायला लागतं.”

अण्णा गप्प झाले. पेडल थरथरतं म्हणून सहा-सात महिन्यांनी परत आलेल्या गाड्या त्यांना एकेक करून आठवल्या. दर वेळी त्यांनी डिस्क बनवणाऱ्याला दोष दिला होता आणि त्याच गंजावर दुसरी नवी डिस्क चढवली होती.

त्यांनी वायर ब्रश उचलला आणि स्वतः चाकापाशी बसले. स्टडच्या बुडाशी ब्रश फिरवून पॉलिश पेपर मारला, लोखंड चकाकेपर्यंत.

“अण्णा, आत कोण बघतंय? उशीर होतोय,” ड्रायव्हर म्हणाला.

“आजवर मीही बघत नव्हतो,” अण्णा म्हणाले.

डिस्क पुन्हा चढवली. काटा ०.०३ वर थांबला. दुसऱ्या चाकाला अण्णांनी स्वतःच गेज मागून घेतलं.

गाडी देताना त्यांनी ड्रायव्हरला बजावलं, “घाटात शिरण्याआधी मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत आणायची. आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबवता. मग थोडी तशीच चालव, डिस्क थंड होऊ दे. पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखीचे झाले की मग चढ घाट.”

रात्री अण्णांनी जुनी वही काढली. परत आलेल्या गाड्यांच्या मालकांना एकेक फोन लावला. “गणपती झाले की गाडी घेऊन या. चूक माझी होती. पैसे नकोत.” शेजारी बाबू गेज पुसून पेटीत ठेवत होता.

तात्पर्य : नव्यानं आपलं तेल धुवावं, जुन्यानं आपला गंज खरवडावा. मगच दोघं एकमेकांशी नीट बसतात आणि चाक सरळ फिरतं.