चार महिने बंद न पडलेली गाडी

"काका, गाडी रस्त्यात दगा देत नाही ना?"

फेब्रुवारीतल्या एका रविवारी माझी सोळा वर्षांची गाडी बघायला आलेल्या तरुणाने हे विचारलं. टायर, गंज, क्लच सगळं त्याने आधीच बघून घेतलं होतं. मी म्हणालो, "गेल्या चार महिन्यांत एकदाही बंद पडलेली नाही." वाक्य शब्दशः खरं होतं. तो खूश झाला, पुढच्या रविवारी पैसे घेऊन येतो म्हणाला. तो गेल्यावर बायकोने विचारलं, "आणि त्याच्या आधीचं सांगितलंस का?"

आधीचं असं. एप्रिलमध्ये पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर इंजिन अचानक बंद पडलं. पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत एकदोनदा पेडल दाबेपर्यंतच टिकते, हे तेव्हा कळलं. मागे भरलेला ट्रक होता. कशीबशी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. मी बॉनेट उघडलं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून लावलं, एकदोन रिलेंवर टिचक्या मारल्या. बायकोने डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले. वीस मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

मे महिन्यात हे आणखी तीनदा झालं, ऑक्टोबरात दोनदा. गॅरेजात नेली की गाडी शहाण्या मुलासारखी चालायची. प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला, शेवटी फ्युएल पंपाचा रिले बदलला. त्यानंतर गाडी बंद पडली नाही. शेवटचं बिल देताना मिस्त्री एवढंच म्हणाले होते, "बघा चालवून." त्याचं 'दुरुस्त झाली' हे भाषांतर मी केलं.

अधूनमधून येणाऱ्या दोषाची गंमत अशी, की तो आपला आपण जातो, त्यामुळे त्याच्यावर कुठलाही उपाय लागू पडतो. वीस मिनिटांत काहीही केलं असतं तरी गाडी सुरू झालीच असती. झाकण, टिचकी, गणपती, तिघांचाही दावा सारखाच. पंपाच्या रिलेचा दावा याहून वेगळा होता का? तो बदलला, मग दोष दिसला नाही. मधल्या 'म्हणून'चा पुरावा माझ्याकडे नव्हता.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाचं उदाहरण आहे. जहाज जुनं, वारंवार डागडुजी लागणारं. मालकाच्या मनात शंका येते, पण इतक्या सफरींतून ते सुखरूप परतलंय असं म्हणत तो ती दाबतो आणि परदेशी स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबांना घेऊन जहाज रवाना करतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं, मालकाचा विश्वास अगदी प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण हातात असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकार नव्हता. आणि जहाज बुडालं नसतं तरी त्याचा दोष तसूभरही कमी झाला नसता.

माझी अवस्था त्या मालकापेक्षा वाईट होती. त्याने निदान स्वतःची समजूत घातली होती. मला पुरती खात्री नव्हती, म्हणून तर मी 'दुरुस्त झाली' न म्हणता महिने मोजले. खोटं बोलायचं नव्हतं, पण त्या मुलाने खोटंच समजावं अशी वाक्याची बांधणी मात्र केली होती. त्याला चार महिन्यांचा हिशोब नको होता. चढावर मागे ट्रक असताना काय होईल, हे त्याला हवं होतं.

मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, "बघतो" म्हणाला. परत आला नाही.

मार्चच्या शेवटी ऊन तापलं आणि गाडी पुन्हा बंद पडली. ते चार महिने थंडीचे होते, हा साधा मुद्दा तेव्हा डोक्यात शिरला. या वेळी मिस्त्रींनी सांगून ठेवलं होतं, "बंद पडली की काही करू नका. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का तेवढं बघा." काटा शून्यावरच होता. वर्षभर मी गाडी सुरू करायच्या मागे होतो. ती बंद असताना काय सांगते, ते बघितलंच नव्हतं.

त्यांनी क्रँक सेन्सर काढला. क्रँकशाफ्ट कुठवर फिरलाय हे इंजिनच्या कॉम्प्युटरला हा सांगतो. हा गप्प झाला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबतात. मीटर लावून मिस्त्रींनी त्यावर केस वाळवायचा ड्रायर धरला. थोड्या वेळात मीटरवरचा आकडा गेला, सर्किट तुटलं. आतली बारीक तार तापली की सुटत होती. सेन्सर निवल्यावर आकडा परत आला. पुन्हा तापवला, पुन्हा गेला. नवा सेन्सर तसाच तापवला, आकडा टिकला.

दोष गेला असं मी आता म्हणू शकतो, कारण तो मुद्दाम आणून दाखवता आला. त्यानंतर दोन उन्हाळे झाले, गाडी बंद पडलेली नाही. पण माझा भरवसा त्या दोन उन्हाळ्यांपेक्षा ड्रायरच्या दहा मिनिटांवर जास्त आहे.

आणि पंपाच्या रिलेनेच गाडी खरोखर दुरुस्त झाली असती तर? तर तो मुलगा सुखाने गाडी चालवत असता. माझं ते रविवारचं वाक्य मात्र तेवढंच वाईट राहिलं असतं.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. परवा शेजाऱ्यांनी विचारलं, विकायची का? मी म्हणालो, विकेन, पण आधी बसा, दहा मिनिटं लागतील सांगायला.