जात्याची वरची तळी

विकत घेतलेली वस्तू आपली होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवहाराचा आहे. पैसे मोजले, पावती घेतली, वस्तू घरी आणली; आता ती आपली. परंतु ज्या दिवशी ती बिघडते त्या दिवशी व्यवहाराचा हा प्रश्न नीतीचा प्रश्न होतो. वस्तू आपल्या कपाटात असते. पण तिला पुन्हा चालती करण्यासाठी लागणारा सुटा भाग, तिच्या अंतरंगाची माहिती आणि ती जुळविण्याची साधने दुसऱ्याच्या हाती असतात. त्या दुसऱ्याने आपला हात काढून घेतला तर आपल्या मालकीत उरते काय? आणि असा हात काढून घेण्याचा अधिकार विकणाऱ्याला कितपत आहे? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे कॅमेऱ्याच्या निमित्ताने करणार आहोत.

कॅमेराच का, असे कोणी विचारील. एके काळी कॅमेरा ही हौसेची व श्रीमंतीची वस्तू होती. आज हौसेची छायाचित्रे मोबाइलवर निघतात. मोठा कॅमेरा उरला आहे तो ज्याचे पोट त्यावर आहे त्याच्याजवळ. नेवासे तालुक्यातील आपल्या सोनईचेच पाहा. उसाच्या आणि साखर कारखान्याच्या आधाराने वाढलेली येथील बाजारपेठ, शेजारच्या शनिशिंगणापूरची वर्दळ आणि पंचक्रोशीतील लग्ने, साखरपुडे व बारशी यांवर अशा गावातला स्टुडिओ चालतो. आपल्या घरांतील बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, विवाह, हरेगावच्या मतमाउलीची यात्रा या साऱ्यांच्या आठवणी भिंतीवर आणि आल्बमात टिकून आहेत त्या अशाच कोणा छायाचित्रकारामुळे. त्याच्या दृष्टीने कॅमेरा म्हणजे शेतकऱ्याचा नांगर किंवा शिंप्याचे यंत्र. तो आणि त्याची भिंगे मिळून किंमत लाखांच्या घरात जाते आणि पुष्कळदा ती पतसंस्थेच्या कर्जातून उभी राहते.

या अवजारात झिजणारा एक भाग असतो. प्रकाशाला क्षणभर वाट देऊन पुन्हा मिटणारा जो पडदा असतो त्याला शटर म्हणतात. व्यावसायिक कॅमेऱ्याचे शटर साधारणपणे दीड-दोन लाख उघडझापींना टिकेल अशा बेताने केलेले असते. आज एका लग्नात तीन हजार छायाचित्रे सहज निघतात. या हिशेबाने दीड लाखांचा आकडा पन्नास लग्नांत गाठला जातो. म्हणजे दोन-तीन लग्नसरायांत. त्यानंतर शटर लगेच बंद पडते असे नाही, पण ते केव्हातरी बदलावे लागणार हे ठरलेले. मोटारीच्या टायरसारखाच तो भाग आहे. टायर मिळत नाही म्हणून सुस्थितीतील मोटार भंगारात घालावी लागली, तर तिला मोटारीचे म्हातारपण कोणी म्हणणार नाही.

कंपन्यांच्या जाहीर सूचना मात्र नेमके हेच सांगतात. अमुक प्रकारच्या कॅमेऱ्याचे उत्पादन थांबले. अमुक तारखेनंतर त्याची दुरुस्ती स्वीकारली जाणार नाही. कॅननचा ‘ईओएस-वन व्ही’ हा फिल्मवर चालणारा नामांकित कॅमेरा २००० साली बाजारात आला. त्याचे उत्पादन २०१० मध्ये थांबले, विक्री संपल्याची घोषणा मे २०१८ मध्ये झाली आणि दुरुस्तीची अखेरची तारीख ३१ ऑक्टोबर २०२५ ठरविण्यात आली. उत्पादन थांबल्यावर पंधरा वर्षे दुरुस्ती करून देणे ही काही थोडी गोष्ट नव्हे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या वाट्याला बहुधा एवढी वर्षेही येत नाहीत.

कंपन्यांची बाजूही ऐकून घ्यावी. सुटे भाग साठवायला जागा लागते, भांडवल अडकते. कॅमेऱ्यातील कितीतरी भाग कंपनी स्वतः करीतच नाही. ते पुरविणारा कारखाना बंद पडला की तिचेही हात बांधले जातात. लायका या जर्मन कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तिचा १९५४ चा ‘एम-थ्री’ हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक आहे. चाके, दाते, स्प्रिंगा. जाणता कारागीर आजही तो खोलून, साफ करून पुन्हा चालता करतो. त्याच घराण्यातला ‘एम-नाइन’ हा २००९ चा डिजिटल कॅमेरा. प्रतिमा टिपणाऱ्या त्याच्या सेन्सरवरील काच कालांतराने गंजासारखी खराब होऊ लागली. कंपनीने पुष्कळांचे सेन्सर बदलून दिले. परंतु २०२० मध्ये, बदलून देण्यासाठीचे सेन्सर संपले असे तिला जाहीर करावे लागले. पणजोबा चालतो आहे आणि पणतू अंथरुणाला खिळला आहे, अशी ही अवस्था. येथे केवळ दुष्ट हेतू शोधणे अन्यायाचे होईल.

मग नैतिक प्रश्न कोठे आहे? आमच्या मते तो दोन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण म्हणजे या निर्णयाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो ते. नवा कॅमेरा पहिल्याच वर्षी घेणारा मनुष्य बहुधा शहरातला आणि ऐपतीचा असतो. तीन-चार वर्षांनी तो कॅमेरा विकतो. मुंबईच्या बोरा बझारसारख्या बाजारातून, या हातातून त्या हातात, तो तालुक्याच्या व खेड्याच्या ठिकाणी पोचतो. तेथे पोचेपर्यंत दुरुस्तीच्या मुदतीचा मोठा भाग सरलेला असतो. श्रीमंताने वस्तूचे तारुण्य वापरलेले असते. गरिबाच्या वाट्याला तिचे उतारवय येते आणि नेमक्या त्याच वेळी दवाखान्याचे दार बंद होते. कागदावर नियम सर्वांना सारखाच. परंतु त्याचा फटका बसतो तो ज्याला दुसरा कॅमेरा घेणे परवडत नाही त्यालाच.

दुसरे ठिकाण याहून महत्त्वाचे आहे. ‘आम्ही दुरुस्त करणार नाही’ हे एक विधान आणि ‘दुसऱ्यालाही करू देणार नाही’ हे वेगळे विधान. अमेरिकेत निकॉन कंपनीने २०१२ मध्ये स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग देणे थांबविले. पुढे मार्च २०२० अखेर, ज्या मोजक्या स्वतंत्र दुकानांना तिने अधिकृत मान्यता दिली होती त्यांचीही मान्यता संपविली. येथे सुट्या भागांचा तुटवडा हे कारण नव्हते. भाग होते, जाणते हात होते. त्या दोहोंची भेट मात्र होऊ द्यायची नव्हती.

आपल्या गावगाड्याने या बाबतीत एक गोष्ट ओळखली होती. सुतार-लोहारांना शेतकरी जे बलुते देई, ते केवळ नव्या औताची किंमत म्हणून नव्हे. वर्षभर नांगराचा फाळ शेवटून द्यावा, गाडीचे चाक नीट करावे, औत अडू देऊ नये यासाठी खळ्यावर धान्याचा वाटा काढला जाई. वस्तू घडविणे आणि ती चालती ठेवणे ही एकाच कामाची दोन अंगे मानली जात. त्या व्यवस्थेत जातीचा जाच होता, जन्माने लादलेली सेवा होती. नगर जिल्ह्यातील आपल्या कितीतरी कुटुंबांच्या पूर्वजांनी ती गुलामी अंगावर सोसली आहे. ती व्यवस्था परत यावी असे म्हणणे पाप ठरेल. परंतु तिच्या अन्यायाबरोबर तिच्यातील ही एक समजूतही आपण गमावली. घडविणारा आता समुद्रापलीकडे आहे. तो आपल्याला ओळखत नाही, आणि विक्रीच्या पावतीपाशी त्याचे आपल्याशी असलेले नाते संपते.

जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायात, सावकारांसाठी एक नियम आहे. कर्जदाराचे जाते, किंवा जात्याची नुसती वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये. कारण तसे करणे म्हणजे त्याचा जीव गहाण घेणे होय, असा त्याचा आशय. ज्यांच्या घरात जाते फिरले आहे त्यांना या नियमाची सूक्ष्मता सांगावी लागणार नाही. पूर्ण जाते उचलून नेण्याची गरज नाही. वरचा फिरता दगड तेवढा काढून घेतला की खालचा दगड घरात असूनही दळण बंद, आणि दळण बंद म्हणजे भाकर बंद. खालची तळी तुझीच आहे, ती आम्ही कोठे नेली, असे सावकार म्हणू शकतो, आणि शब्दशः ते खरेही असते. मोशेच्या नियमशास्त्राने मात्र शब्दाकडे न पाहता माणसाच्या पोटाकडे पाहिले.

कॅमेरा तुझ्याच कपाटात आहे, असे आजची कंपनीही म्हणू शकते. परंतु शटर, ते बसविल्यावर जुळवून घेण्यासाठी लागणारी संगणकीय प्रणाली आणि अंतर्गत जोडणीचे नकाशे ही आजच्या अवजाराची वरची तळी आहे. ती विकणाऱ्याच्या घरी राहिली, तर झाला तो व्यवहार विक्रीचा की मुदतीच्या भाड्याचा? भाडे असेल तर तसे सांगावे आणि किंमतही भाड्याचीच घ्यावी.

यावर, कंपनीने काय जन्मभर सुटे भाग करीत राहायचे, असे कोणी विचारील. आम्ही तसे म्हणत नाही. अशक्य ते कोणावर कर्तव्य म्हणून लादता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हात काढून घेताना किल्ली देऊन जावे. ज्या दिवशी दुरुस्ती बंद झाल्याचे जाहीर होईल त्याच दिवशी नकाशे, दुरुस्तीच्या पुस्तिका, जुळवणीची प्रणाली आणि उरलेले भाग इतरांना खुले व्हावेत. ज्या वस्तूपासून आता आपल्याला कमवायचे नाही, तिच्यापासून दुसऱ्याने पोट भरले तर आपले काय जाते?

हे केवळ स्वप्न नव्हे. इंग्लंडमधील लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक संथ चालीचे, दणकट ऑइल इंजिन काढले. मूळ कंपनीने १९८७ मध्ये त्याचे उत्पादन बंद केले. पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिने व सुटे भाग करणे चालूच ठेवले, त्यामुळे जुनी इंजिने निराधार झाली नाहीत. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये झटपट छायाचित्राची फिल्म बंद केली, तेव्हा जगभरातील असंख्य कॅमेरे एका दिवसात निरुपयोगी ठरणार होते. नेदरलँड्‌समधील एन्स्खेडे येथील बंद पडणाऱ्या कारखान्यातली यंत्रे काही जुन्या कामगारांनी व त्यांच्या सोबत्यांनी वाचविली आणि २०१० मध्ये नवी फिल्म बाजारात आणली. मालकाने सोडलेले काम जाणत्या हातांनी उचलले.

आणि आपले कोल्हापूर? बाबूराव पेंटर यांनी, हाताशी फारशी साधने नसताना, दामल्यांसारख्या शिष्याच्या साह्याने १९१८ मध्ये स्वतःचा चलत्‌चित्रांचा कॅमेरा तयार केला. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. परदेशी यंत्रे उघडून, न्याहाळून, समजून घेता येत होती म्हणूनच हे घडले. यंत्र उघडून पाहण्याचा हक्क गेला तर दुरुस्तीबरोबर अशी निर्मितीही जाते.

कायद्याचे पाऊल या दिशेने पडू लागले आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या चौदा मोटार कंपन्यांना भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. पुढे त्यावर अपिले झाली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. या प्रयत्नात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने ही क्षेत्रे प्रथम घेण्यात आली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याविषयी निर्देश काढला. त्याच्या यादीत धुलाईयंत्रे आहेत, शीतकपाटे आहेत, मोबाइल आहेत. कॅमेरा यांपैकी कोठेही नाही. ज्या वस्तू घरोघरी आहेत त्यांचा विचार आधी झाला हे समजण्यासारखे आहे. तथापि गावात जे अवजार एकाच घरी असते, त्याच्या मालकाची भूक काही कमी खरी नसते.

शेवटी आपल्याकडे वळले पाहिजे. कंपन्या नव्याचा सोस लावतात हे खरे; पण तो लागतो कोणाला? लग्नाच्या बैठकीत छायाचित्रकाराला कॅमेरा कोणता नवा आहे हे आपणच विचारतो. त्याचे काम कसे आहे हे मागाहून. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने मोजतो. आपल्या मुलाने यंत्र विकावे हे आपल्याला प्रतिष्ठेचे वाटते, यंत्र दुरुस्त करावे हे तितके वाटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला, तो केवळ कारखानदारांना नव्हता. यापुढे महागडे यंत्र घेताना त्याच्या गुणांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: हे बिघडल्यावर कोण दुरुस्त करील, आणि किती वर्षे? पुरेशा लोकांनी हे विचारले तर विकणाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल. आयटीआयमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलांना हाताच्या कौशल्याचा अभिमान वाटेल असे चार शब्द घरात बोलले जावेत.

वस्तूंना आत्मा नसतो, त्या झिजणार आणि एक दिवस संपणार, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती चालू शकणारी वस्तू बंद पाडण्याबद्दल आणि त्यापायी एखाद्या घराची चूल अडण्याबद्दल. आपण जे घडविले व विकले त्यावर कोणाचे तरी पोट चालते, एवढे भान घडविणाऱ्याने ठेवावे. ते ठेवता येत नसेल, तर वरची तळी तरी त्याने स्वतःजवळ ठेवू नये.