कानात सांगितलेला निवाडा

टॉमस किड या इंग्रज नाटककाराने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’च्या प्रारंभी, पोर्तुगीजांशी झालेल्या लढाईत पडलेल्या आंद्रियाचे भूत पाताळातील आपली हकिकत सांगते, तीत मला सर्वांत भयंकर वाटते ते हे, की त्याच्या आत्म्याला प्रेमिकांत ठेवावे की वीरांत, याविषयी तिघा न्यायाधीशांचे एकमत न झाल्याने प्रकरण पाताळाधिपतीपुढे जाते, आणि त्याची राणी प्रॉसर्पिना अंतिम निवाडा उच्चारते तो मूर्तिमंत सूडाच्या कानात! आंद्रियाने फिर्याद केलेलीच नसते. हुकूम मात्र सुटलेला असतो.

पहिल्या अंकात त्याचा मारेकरी, राजपुत्र बाल्थाझार, बंदिवान असूनही दरबारी मेजवानीत मानाने बसतो. दुसऱ्या अंकात त्याच्याच पक्षाचे लोक आंद्रियाचा जिवलग मित्र होरेशिओ याला लतामंडपात फासावर चढवून भोसकतात, आणि ते प्रेत खाली उतरविण्याचे प्राक्तन येते त्याच्या पित्याच्या, म्हणजे इतरांना न्याय देणाऱ्या हिएरोनिमो या अंमलदाराच्या, वाट्याला.

ज्या न्यायाची अंमलबजावणी निरपराध्याच्या रक्तावाचून सुरूच होत नाही, त्याला न्याय म्हणावे काय? सूड हा केवळ परमेश्वराचा अधिकार, असे पौलाच्या पत्रातून ऐकत आलेल्या ख्रिस्ती प्रेक्षकापुढे किडने मूर्तिपूजकांचे पाताळ उभे केले, ते माझ्या मते हा प्रश्न निर्भयपणे विचारता यावा म्हणूनच. शत्रूऐवजी मित्र मेला, म्हणून खुद्द आंद्रियाच दुसऱ्या अंकाच्या अखेरीस कळवळून तक्रार करतो. शेजारी बसलेला सूड त्याला केवळ थांबावयास सांगतो.