निघताना काय घ्यायचं

मुंबईतल्या सिप्झमध्ये, कंपन्यांच्या मधोमध, एका चर्चच्या भिंती उभ्या आहेत. वर छप्पर नाही. हे पोर्तुगीज जेझुइटांचं १५७९ सालचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट. १८४० मध्ये इथे साथ पसरली आणि वाचलेले लोक मरोळला आले. येताना वेद्या आणले, बाप्तिस्म्याचं कुंड आणलं. आम्ही मरोळ गावठाणातले त्यांचेच वंशज.

लहानपणी मला त्या ओसाड भिंतींचं वाईट वाटायचं. करोनानंतर उलटंच दिसलं. आमच्या मरोळच्या चर्चचं छप्पर शाबूत, बाकं मात्र रिकामी.

टाळेबंदीत मिस्सा मोबाइलवर आली. शेजारच्या मावशी मसाल्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या. फादरांनी ख्रिस्तप्रसाद उंचावला की दुखऱ्या गुडघ्यांवर टेकायच्या. ती भक्ती खरीच होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण देव देह धरून आला, भाकर होऊन हातावर आला, असं मानणारे आपण. मग एकमेकांच्या देहाशिवाय आपली मंडळी कशी भरेल?

१६ नोव्हेंबर २०२० ला प्रार्थनास्थळं उघडली, पुढच्या एप्रिलात बंद झाली, ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. मावशी आल्या नाहीत. लोकांना घरबसल्या मिस्सेची सवय लागली, असं जो तो म्हणू लागला. मला ते पटत नाही. मावशींचे यजमान दुसऱ्या लाटेत गेले. मातीला चारच माणसं होती, त्यांत मी नव्हते. तेव्हा नियम होते, भीती होती. पण नियम सुटल्यावरही मी नुसता फोन करत राहिले. दोन घरं ओलांडून गेले नाही. ज्यांच्या दुःखात आपण पायरी चढलो नाही, त्यांना आगेऱ्याला, आमच्या सुगीच्या सणाला, या म्हणायला तोंड लागतं.

शेवटी एका रविवारी मिस्सेनंतर ख्रिस्तप्रसादाची डबी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. टेबलावर पांढरं कापड होतं. त्यांनी मेणबत्ती लावली. मी प्रार्थना सुरू करणार, तोच म्हणाल्या, "थांब, आधी त्यांचं ऐक."

मग हॉस्पिटलचं सांगितलं. काचेआडून दिसलेला हात, परत मिळालेली चप्पल, आणि पिशवीत न सापडलेली जपमाळ. मी मध्ये काही बोलले नाही.

मेणबत्ती अर्ध्यावर आली, तेव्हा त्यांनी उजव्या तळव्यावर डावा ठेवून हात पुढे केला.